वर्दी उतरली की विमाही उतरतो : मनाला जखम झालेल्या माजी सैनिकाला आयुर्विमा का मिळत नाही?

बालाघाट | विशेष विश्लेषण

डिसेंबर २०२५ मध्ये बालाघाटात मुख्यमंत्री मोहन यादव यांच्यासमोर दहा नक्षल्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने मध्य प्रदेश नक्षलमुक्त झाल्याचे सांगितले. १९९९ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यात, किरनापूरकडच्या सोनपुरीत, तेव्हाचे मंत्री लिखीराम कावरे यांची हत्या झाली होती. म्हणजे मधली २६ वर्षे लांजी, बैहर, किरनापूरच्या जंगलात आणि पलीकडे गोंदियाच्या सालेकसा, देवरीकडे वर्दीतली माणसे रात्रंदिवस फिरत होती.

आता जंगल शांत आहे. हॉक फोर्सचे, सीआरपीएफचे जवान हळूहळू बदलून जातील, कुणी निवृत्त होतील. लष्करात गेलेली या पट्ट्यातली पोरंही काश्मीर, ईशान्य भारत करून घरी येतात. सागरला महार रेजिमेंटचे केंद्र, जबलपूरला ग्रेनेडियर्सचे, कामठीला गार्ड्सचे. बालाघाट, सिवनी, गोंदिया, भंडारा या भागातून फौजेची वाट काही नवी नाही.

घरी आलेल्यांपैकी बहुतेकांचे बरे चालते. पण काहींची झोप परत येत नाही. लग्नातला फटाका वाजला की हात थरथरतो, बसस्टँडवरच्या गर्दीत जीव घाबरा होतो, डोळे मिटले की तोच क्षण पुन्हा समोर येतो. डॉक्टर याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर तणाव. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत, आणि आजार म्हणून आजच्या नावाने त्याची नोंद अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली झाली.

उपचार आहेत आणि त्यांनी माणूस सावरतो. पण चाळिशीच्या आत-बाहेरचा हा माणूस लेकरांसाठी म्हणून आयुर्विमा काढायला गेला, की फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी गाडी अडते : 'आपण कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत काय?'

'हो' लिहिले तर अडचण, 'नाही' लिहिले तर मोठी अडचण

'हो' लिहिले की कंपनी कागद मागते. निदान कधी झाले, गोळ्या कोणत्या, दवाखान्यात भरती होता का, मनात आत्महत्येचे विचार आले होते का, दारू किती. त्यानंतर चारपैकी एक होते. नेहमीच्या हप्त्यावर पॉलिसी मिळते, हप्ता वाढवून मिळते, 'आजार स्थिर होऊ द्या, मग या' असे सांगून अर्ज पुढे ढकलला जातो, किंवा सरळ नाकारला जातो. कोणत्या आजाराला कोणता निकाल, याचे नियम कंपनीच्या आत असतात. ग्राहकाला ते वाचायला मिळत नाहीत.

म्हणून एजंट सल्ला देतो, "भाऊ, कशाले लिवता? 'नाही' वर टिक करून टाका, काही होत नाही." हा सल्ला फुकट असतो, त्याची किंमत मात्र बायको-पोरांना भरावी लागते.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. आता पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. पण ही तीन वर्षे संपण्याआधी मृत्यू झाला आणि महत्त्वाची माहिती लपवल्याचे निघाले, तर क्लेम नाकारता येतो. लपवणे फसवणुकीच्या हेतूने नव्हते असे ठरले तर भरलेले हप्ते परत मिळतात, विम्याची रक्कम नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल तर तीन वर्षे तिथून नव्याने मोजली जातात, हेही लक्षात ठेवायला हवे.

आणि फौजेतल्या माणसाचे लपून राहत नाही. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पद्धतीने ठरते. त्यातले पहिलेच अक्षर 'एस' हे मानसिक स्थितीसाठी असते. 'एस-१' म्हणजे ठीक, पुढचे आकडे म्हणजे मर्यादा. सेवा सोडताना वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते आणि ती श्रेणी कागदावर येते. क्लेमच्या चौकशीत कंपनीने सेवेचे कागद मागितले की पहिल्या पानावरच सगळे समजते.

यातून एक वाईट सवय लागते. कागद कोरा राहावा म्हणून माणूस डॉक्टरकडेच जात नाही. ज्याने उपचार घेतले, गोळ्या वेळेवर घेतल्या, तो विम्याच्या नजरेत 'जोखीम' ठरतो. ज्याने कुणाला सांगितलेच नाही, तो 'निरोगी' ठरतो. प्रत्यक्षात जास्त धोका दुसऱ्यालाच असतो.

कायद्याने एक दार उघडले, दुसरे तसेच राहिले

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की शारीरिक आजाराच्या उपचाराला जसा विमा मिळतो, तसाच मानसिक आजाराच्या उपचारालाही प्रत्येक विमा कंपनीने दिला पाहिजे. विमा नियामक इर्डाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले. कंपन्या तरी टाळत राहिल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका प्रकरणात कंपनीला मानसिक उपचारांचा खर्च द्यायला लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इर्डाने दिव्यांग, एचआयव्हीग्रस्त आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी खास पॉलिसी आणायला सांगितली.

हे सगळे चांगलेच झाले. पण नीट वाचले तर प्रत्येक ठिकाणी शब्द एकच आहे, वैद्यकीय विमा. म्हणजे दवाखान्याचे बिल. माणूस गेल्यावर घराला मिळणाऱ्या पैशाबद्दल, आयुर्विम्याबद्दल, त्या कलमात एक अक्षर नाही.

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकाला दवाखान्याच्या बिलाची चिंता तशीही कमी असते. २००३ पासून ईसीएचएस आहे, पॉलिक्लिनिक आहे, लष्करी रुग्णालये आहेत. त्याला खरी गरज त्याच्यामागे घर चालण्याची असते, आणि नेमके तेच दार बंद आहे.

भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या कलम २५ मध्ये आरोग्य विम्याबरोबर आयुर्विम्याचाही उल्लेख आहे. देशाचा कायदा जिथे परवानगी देतो तिथे तो न्याय्य आणि वाजवी पद्धतीने दिला जावा, भेदभाव होऊ नये, असे तो करार सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे, फक्त ते विम्याच्या काउंटरपर्यंत पोहोचलेले नाही.

एका जखमेबद्दल दोन टेबलांवर दोन निकाल

यातली सर्वात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. मानसिक आजारामुळे सेवा सुटलेल्या जवानाने अपंगत्व निवृत्तिवेतन मागितले, की वैद्यकीय मंडळाकडून पुष्कळदा उत्तर येते : आजार सेवेमुळे झालेला नाही, तो अंगचाच आहे. तोच जवान विमा कंपनीकडे गेला की तिथे उत्तर येते : सेवेत हे भोगले आहे, जोखीम जास्त आहे.

पहिल्या टेबलावर सेवेचा संबंध नाकारला म्हणून पैसा नाही. दुसऱ्या टेबलावर तीच सेवा आणि तोच आजार पाहून विमा नाही. दोन्हीकडून माणूस रिकाम्या हाताने परततो.

पहिल्या टेबलाबाबत न्यायालयांनी काही रस्ता मोकळा केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत झाला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे आणि तसे नसल्याचे सरकारने सिद्ध करायचे. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात, स्किझोफ्रेनियाच्या कारणावरून सेवेतून मुक्त केलेल्या जवानाबाबत, मंडळाने कारणे न देता दिलेल्या मतावर निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही असे न्यायालयाने म्हटले. मध्य प्रदेशातल्या माजी सैनिकाला अशा दाव्यासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे जबलपूर खंडपीठ आहे.

दुसऱ्या टेबलाबाबत, म्हणजे आयुर्विम्याबाबत, असा रस्ता नाही. विमा लोकपालाकडे क्लेम नाकारल्याची तक्रार करता येते. आजाराचे कारण देऊन कंपनीने पॉलिसीच दिली नाही, तर तिथे फारसे काही हाती लागत नाही.

सेवेत असताना प्रश्न कसा सुटतो?

गंमत अशी की हाच माणूस सेवेत असतो तेव्हा त्याच्या विम्याचा प्रश्न येत नाही. १ जानेवारी १९७६ पासून लष्करात आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड आहे. पगारातून वर्गणी कापली जाते, सगळ्यांचा विमा एकत्र असतो. सियाचीनचा जवान आणि कार्यालयातला कारकून एकाच समूहात. कुणाला मनाचा फॉर्म भरावा लागत नाही.

हे शक्य होते कारण विम्याचे गणित समूहावर चालते. कंपन्यांचा एक मुद्दा खरा आहे. विमा ऐच्छिक ठेवला आणि प्रश्न विचारायचे नाहीत असे ठरवले, तर आजारी माणसे आधी येतील, हप्ता वाढेल आणि निरोगी माणसे निघून जातील. पण सगळेच्या सगळे एकत्र आले की ही भीती राहत नाही. हजारातल्या काहींचा वाढीव धोका हजारांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो.

निवृत्त होताना याच फंडातून एकरकमी वर्गणी भरून पुढची ठरावीक वर्षे वाढीव विमा मिळतो. अनेक घरांत हे प्रमाणपत्र पेटीत पडून असते आणि बायकोला त्याची माहितीही नसते. माणूस गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद होतात, या विम्याचा क्लेम राहून जातो.

खरा फटका बसतो तो या छत्रीबाहेरच्यांना. त्यात पुढचे मोठे नाव अग्निवीरांचे आहे.

२०२६ च्या अखेरीचा प्रश्न

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. लष्करातल्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला लागले, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून पहिले अग्निवीर बाहेर पडू लागतील. योजनेच्या मूळ आराखड्यानुसार २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. निवृत्तिवेतन नाही.

सेवेच्या चार वर्षांत त्यांना ४८ लाखांचे विमा संरक्षण असते आणि त्यासाठी त्यांना वर्गणी भरावी लागत नाही. पण ते सेवेच्या काळापुरते. चार वर्षे संपली की ४८ लाखांवरून थेट शून्य. सेवेमुळे अपंगत्व आले तर ५०, ७५ किंवा १०० टक्के या प्रमाणात १५, २५ किंवा ४४ लाखांची मदत ठरलेली आहे. मनाच्या आजारात एवढे प्रमाण लागणे आणि ते सेवेमुळे झाले असे ठरणे, दोन्ही अवघड.

शिवाय या आजाराला घाई नसते. अनेकांत लक्षणे महिन्यांनी, कधी वर्षांनी उघड होतात. २५ वर्षांचा पोरगा घरी आला, दोन वर्षांनी झोप उडाली, मग डॉक्टर, मग लग्न, मग विम्याचा फॉर्म. तोपर्यंत त्याच्यामागे कोणताही समूह राहिलेला नसतो.

केंद्रीय पोलीस दलांचे दुखणेही थोडेफार असेच. ही दले माजी सैनिकाच्या व्याख्येत येत नाहीत, पण जंगलात गोळी झेलणारे बहुतांशी तेच होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे पाच वर्षांत या दलांतील ७३० जणांनी आत्महत्या केल्या. हा आकडा सेवेतल्यांचा आहे. घरी परतल्यानंतर काय होते, याची अशी मोजदाद होत नाही.

दोन लाखांत किती दिवस?

तोवर हातात काय आहे? प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. बँकेत खाते हवे, वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये, संरक्षण ५५ व्या वर्षापर्यंत, रक्कम दोन लाख. वैद्यकीय तपासणी नाही. पहिले ३० दिवस सोडले तर मृत्यूचे कारण काहीही असो, पैसे मिळतात. शिपाई पदावरून निवृत्त होणारे बहुतेक चाळिशीच्या आसपास असतात, त्यामुळे वयात बसतात. ती काढलीच पाहिजे.

२० रुपयांची सुरक्षा विमा योजना मात्र फक्त अपघातासाठी आहे, तिच्यात आत्महत्या बसत नाही. पगार खात्यावर बँका जो फुकटचा विमा सांगतात, त्यातली मोठी रक्कमही बहुधा अपघाताचीच असते. दोन्हींना आयुर्विमा समजून निर्धास्त राहू नये.

आता हिशेब करू. घरखर्च महिन्याला २५ हजार धरला तर दोन लाख आठ महिने पुरतात. घरासाठी कर्ज काढले असेल तर काहीच पुरत नाही, आणि कर्जासोबतच्या विम्यातही 'मी निरोगी आहे' अशी सही बँक घेते. निवृत्तिवेतन असलेल्या घराला कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधार असतो, पण तेही काही वर्षांनंतर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येते. निवृत्तिवेतनच नसलेल्या घराला हे दोन लाखच.

दुसरीकडे काय केले?

अमेरिकेने यावर दोन उपाय केले. सेवा सोडल्यापासून २४० दिवसांत अर्ज केला तर सैनिकाला सेवेतला समूह विमा स्वतःच्या हप्त्यावर पुढे चालू ठेवता येतो, तब्येतीचा एकही प्रश्न न विचारता. आणि १ जानेवारी २०२३ पासून 'व्हीए लाइफ' ही योजना आहे. सेवेमुळे अपंगत्व आल्याची नोंद असलेल्या, ८० वर्षांपर्यंतच्या कोणत्याही माजी सैनिकाला ४० हजार डॉलरपर्यंत आयुर्विमा हमखास मिळतो. पीटीएसडीही त्यात येतो. पहिली दोन वर्षे प्रतीक्षेची, त्यात मृत्यू झाला तर भरलेले हप्ते व्याजासह परत.

ही दयेची योजना नाही, हप्ता माजी सैनिकच भरतो. सरकारने फक्त फॉर्मवरचा तो रकाना काढून टाकला.

आपल्याकडे यासाठी फार मोठे काही उभारायचे नाही. समूह विम्याचा फंड ५० वर्षे चालवण्याचा अनुभव लष्कराकडे आहे. बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ४८ लाखांपैकी काही रक्कम, समजा १० किंवा १५ लाख, स्वतःच्या हप्त्यावर विनातपासणी पुढे चालू ठेवण्याचा पर्याय देता येईल. तीच सोय केंद्रीय दलांना आणि हॉक फोर्ससारख्या राज्याच्या दलांना सेवा सोडतानाच मिळावी. इर्डाने आयुर्विमा कंपन्यांना मानसिक आजाराबाबतचे निकष उघड करायला आणि अर्ज नाकारण्याची कारणे सविस्तर द्यायला लावावे. उपचार नीट चालू असणे ही अर्जदाराची जमेची बाजू धरली जावी.

तोवर घरच्यांनी काय करावे?

फॉर्म स्वतः वाचून भरावा, उपचार लपवू नयेत. डॉक्टरकडून 'प्रकृती स्थिर, उपचार नियमित' असे पत्र सोबत जोडावे. भरलेल्या फॉर्मची प्रत घरी ठेवावी, कारण उद्या वाद झाला तर काय सांगितले होते याचा तोच पुरावा. एका कंपनीने नाकारले तर कारण लेखी मागावे आणि दुसरीकडे विचारावे, सगळ्यांचे निकष सारखे नसतात.

पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम मिळत नाही, साध्या पॉलिसीत भरलेल्या हप्त्यांचे साधारण ८० टक्के परत येतात. त्यानंतर फक्त आत्महत्या झाली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक घरे लाजेपायी क्लेमच करत नाहीत.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते.

आणि विम्याच्या आधी माणूस. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र फुकट चालतो. सैन्यदलातील लोकांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. घरातल्या माणसाची झोप उडाली असेल, बोलणे तुटले असेल, तर विम्याचा फॉर्म खराब होईल म्हणून तो फोन टाळू नये.

जंगलातली मोहीम संपल्याचा हिशेब सरकारने तारखेसह मांडला. त्या मोहिमेतून परतलेल्या माणसाच्या मागे त्याचे घर उभे राहील की नाही, हा हिशेब अजून बाकी आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी घरी येण्याआधी तो मांडला गेला, तर वेळेवर झाला असे म्हणता येईल.